फिजिओ येऊन गेली, बाकीच्या दिवसाचं काय?

दिव्यांग माणसांची घरी होणारी फिजिओथेरपी आणि व्यायाम यावर पत्रं मागवली होती, ती इतकी आलीत की सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्य नाहीये, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं काढून टाकलीत. एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती जवळजवळ प्रत्येक उत्तरात येणार आहे. फिजिओ घरी येते ती पाऊण तास, तेही आठवड्यातून दोन-तीनदा, आणि शरीरात जो फरक पडायचा तो बहुतेक बाकीच्या दिवसात पडतो, म्हणजे माणूस कसा बसतो, कसा उठतो, स्वतःचं किती स्वतः करतो यावर. त्यामुळे घरच्यांना आणि त्या माणसाला शिकवून जाणं हे त्या व्हिजिटचं मुख्य काम, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : ताई नमस्कार, माझे सासरे ६६ वर्षांचे. चार महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. घरी फिजिओथेरपिस्ट येतात आठवड्यातून पाच दिवस, एका वेळचे ६०० रुपये. हाताला करंट लावतात, हातपाय हलवून देतात आणि जातात. दवाखान्यात कुणीतरी म्हणालं की सहा महिन्यांत होईल तेवढंच, नंतर काही होत नाही, त्यामुळे घरात सगळे घाबरलेत आणि पैसेही संपत आलेत. खांदा खूप दुखतो. शेजारचे म्हणतात छताला पुली लावून हात वर ओढा, मोकळा होईल. काय करू? – एक सून, बारामती

उत्तर : आधी पुलीचं सांगते. लावू नका, आणि लावली असेल तर आजच काढा. लकवा झालेल्या खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, हाताच्या वजनाने सांधा खाली सरकलेला असतो, आणि अशात चांगल्या हाताने दोरी ओढून तो हात वर खेचला की आतले स्नायू चिमटतात आणि दुखणं वाढतं. हेच कारण आहे की त्यांना पलंगावर वर सरकवताना किंवा उठवताना कुणीही उजवा हात धरून किंवा काखेत हात घालून ओढायचं नाही, हे घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा, पाहुणे उत्साहाने हात ओढतात. बसलेले असताना तो हात लोंबकळत ठेवू नका, मांडीवर उशी घेऊन तिच्यावर किंवा समोर टेबलावर ठेवा. गळ्यातली झोळी फक्त चालताना, दिवसभर घातली तर कोपर आणि खांदा आखडतो.

आता सहा महिन्यांचं. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते आणि सहा महिन्यांपर्यंत वेग बरा असतो हे खरंय, पण त्यानंतर दार बंद होतं असं अजिबात नाही. वर्षा-दीड वर्षानंतर स्वतःचं स्वतः आंघोळीला जायला लागलेली माणसं मी पाहिलीत. मेंदूला जे काम पुन्हा शिकायचंय ते काम त्याला पुन्हा पुन्हा करायला मिळालं पाहिजे, खूप वेळा मिळालं पाहिजे, आणि ते त्या माणसाने स्वतः प्रयत्न करून केलं पाहिजे. दुसऱ्याने हलवून दिलेला हात सांधा आखडू नये म्हणून ठीक आहे, तेवढंच. करंटची मशीन काही जणांना मनगट किंवा पाऊल उचलायला मदत करते, पण ती लावलेली असताना सासऱ्यांनी स्वतः मनगट उचलायचा प्रयत्न करायला हवा, नुसतं पडून राहून घेतली तर चालायला-उठायला तिचा उपयोग जवळजवळ नाही.

म्हणून फिजिओंशी बोला. त्यांना विचारा, पुढच्या महिन्यात बाबांना नेमकं काय जमायला हवं? "पॉवर वाढायला हवी" हे उत्तर पुरेसं नाहीये. "पलंगावरून उठून चार पावलं चालून कमोडवर बसता यायला हवं", असं काहीतरी ठरलं की मग व्यायाम आपोआप ठरतो. आणि पाच दिवसांऐवजी आठवड्यातून दोन दिवस या, पण आम्हाला शिकवून जा, असं सरळ सांगा, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, चांगल्या थेरपिस्टला उलट बरं वाटतं. मोबाईलवर त्यांच्याच शब्दांत व्हिडिओ करून ठेवा म्हणजे कोण किती वाकवायचं यावर भांडण होणार नाही.

तुमच्या घरी आजपासून सुरू करता येईल असा एक व्यायाम म्हणजे बसून उठणं. आधी फिजिओंच्या समोर करून बघा आणि त्यांनी हो म्हटलं की रोजचा करा. पलंग फार खाली असेल तर पायांखाली पक्के लाकडी ठोकळे घाला, उंच जागेवरून उठणं सोपं जातं, मग हळूहळू उंची कमी करत जायची. दोन्ही पाय जमिनीवर, टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे, अंग पुढे झुकवायचं इतकं की नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईल, आणि मग उठायचं. लोक सरळ बसूनच उठायला बघतात आणि मागे पडतात, चूक तिथेच होते. त्यांचा सगळा भार डाव्या पायावर जाईल, तेव्हा तुम्ही उजव्या बाजूला थांबा, उजव्या गुडघ्यावर हलका हात ठेवा आणि "या पायावर पण द्या" म्हणून आठवण करा. चहाआधी, जेवणाआधी, टीव्ही लावायच्या आधी प्रत्येक वेळी आठ-दहा वेळा केलं तरी दिवसाचे पन्नास होतात, आणि पन्नास वेळा कुठला फिजिओ करून घेणार? फरशी ओली नको, पायात मोजे नकोत, मागून पट्टा असलेली चप्पल किंवा बूट घाला.

उजव्या हाताची बोटं थोडी हलत असतील तर टेबल पुसायला द्या, मटारच्या शेंगा सोलायला द्या, डबा धरायला सांगून डाव्या हाताने झाकण उघडू द्या. वेळ लागेल, सांडेल, तुम्हाला घाई असेल, तरी द्या. आणि बाबा गप्प गप्प असतील, व्यायामाला नको म्हणत असतील, रात्री झोप नसेल, तर त्याला आळस म्हणू नका, झटक्यानंतर डिप्रेशन येणं खूप कॉमन आहे आणि त्यावर औषध आहे. डॉक्टरांच्या कानावर घाला.

प्रश्न : माझी मुलगी साडेचार वर्षांची, सेरेब्रल पाल्सी आहे. हात चांगले चालतात, पण दोन्ही पाय कडक, चवड्यावर चालते, तेही भिंतीला धरून. आमच्या तालुक्याला मुलांचा फिजिओ नाही. एक बाई रोज तेलाने मालीश करून पाय ओढून देतात, पोरगी खूप रडते. आता एक जण सांगतोय की स्टेम सेलची इंजेक्शनं घेतली तर चालायला लागेल, दोन लाख खर्च. शेत गहाण ठेवू का? – एक आई, नांदेड जिल्हा

उत्तर : ताई, शेत गहाण ठेवू नका. सेरेब्रल पाल्सीसाठी, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा झाल्याने हालचाल बिघडते त्या आजारासाठी, स्टेम सेल (मूळ पेशी) हा सिद्ध झालेला उपचार नाहीये. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे की रक्ताच्या काही आजारांसारख्या मोजक्या गोष्टी सोडल्या तर स्टेम सेल फक्त मान्यता असलेल्या संशोधनातच द्यायचे, आणि संशोधनात भाग घेणाऱ्याकडून पैसे घेत नसतात. कुणी पैसे मागतोय म्हणजे तिथेच थांबायचं.

तुमच्या जिल्हा पातळीच्या सरकारी रुग्णालयात डीईआयसी नावाचा विभाग असतो, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि अशा मुलांना तिथे पाठवतात, त्यात फिजिओथेरपी फुकट आहे. अंगणवाडीताईंना सांगा, तपासणी पथक अंगणवाडीत येतं, त्यांच्याकडून चिठ्ठी घ्या. रोज जाणं जमणार नाही हे मला कळतंय, महिन्यातून एक-दोनदा गेलात तरी चालेल, पण जाताना एवढंच मागा की मला घरी करायचं शिकवा.

मालीश बंद करा असं मी म्हणत नाही, आईच्या हातची मालीश लेकराला आवडत असेल तर जरूर करा, पण तेलाने स्नायूंचा कडकपणा जात नाही, तो मेंदूकडून येतो. आणि रडेपर्यंत पाय ओढणं आजच थांबवा. झटक्याने ओढलं की कडक स्नायू आणखी घट्ट होतो, पोरीच्या मनात व्यायामाची भीती बसते, आणि घटकाभर ओढून सोडल्याने स्नायूची लांबी टिकतही नाही. लांबी टिकते ती स्नायू बराच वेळ ताणलेला राहिला तर, म्हणून तिला पायाचा स्प्लिंट लागेल, एएफओ म्हणतात त्याला, मापाने बनवून घ्यायचा आणि रोज किती तास घालायचा ते थेरपिस्ट ठरवून देतील. पोटरी खूपच आखडली असेल तर बोटॉक्सचं, म्हणजे स्नायू सैल करणारं, इंजेक्शन आणि मग काही आठवडे प्लास्टर असाही उपचार असतो, तो मुलांच्या हाडांचे डॉक्टर सांगतील. त्यांनाच विचारा की खुब्याचा एक्सरे कधी काढायचा, या मुलांचा खुबा हळूहळू सरकू शकतो आणि सुरुवातीला दुखतही नाही, त्यामुळे लक्षात येत नाही.

घरातला व्यायाम खेळातून करा. छोट्या पाटावर किंवा स्टुलावर बसवा, तळपाय पूर्ण जमिनीला टेकले पाहिजेत, समोर उंचावर तिची आवडती वस्तू धरा आणि उठून घ्यायला लावा, परत बसवा. पलंगाला धरून आडवं चालायला लावा, एका टोकाला बाहुली दुसऱ्या टोकाला बाहुलीचे कपडे. पायरी एकच, चढ-उतर, हात धरून. जमिनीवर बसताना गुडघे पुढे आणि पाय दोन्ही बाजूंना मागे टाकून बसते का बघा, सारखी तशीच बसत असेल तर मधूनमधून मांडी किंवा पाय पुढे करून भिंतीला टेकवून बसवा. रोज सलग तासभर करायची गरज नाही, दहा-दहा मिनिटं चार वेळा केलं तरी ती दमणार नाही आणि तुम्हालाही जमेल.

निरामय आरोग्य विमाही काढून घ्या, राष्ट्रीय न्यास (नॅशनल ट्रस्ट) या केंद्र सरकारच्या संस्थेचा, त्यात सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण मिळतं आणि दवाखान्यात भरती न होता घेतलेल्या थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत मिळतो. शाळेचं वय झालं की शाळेत नाव घाला. नाही म्हणायचा अधिकार शाळेला नाही, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात तसं आहे.

प्रश्न : मी ३१ वर्षांचा आहे, नारळाच्या झाडावरून पडून छातीच्या चौथ्या मणक्याला मार लागला, छातीखालचं काही जाणवत नाही. दोन वर्षं झाली. हात चांगले आहेत. आधी येणारे फिजिओ म्हणाले आता चालता येणार नाही तर व्यायाम कशाला, बंद केलं. माकडहाडावर जखम झाली होती, भरली, आता परत लाल दिसतंय. कधी कधी अचानक डोकं ठणकतं, चेहऱ्याला घाम फुटतो, मग आपोआप जातं. – एक तरुण, सिंधुदुर्ग

उत्तर : दादा, डोकेदुखीचं आधी, कारण ते धोक्याचं आहे. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर मार लागलेल्या माणसाला खालच्या अंगात काहीतरी खुपलं, लघवी तुंबली, कॅथेटरची, म्हणजे लघवीची, नळी मुडपली, पोट साफ नाही झालं, की बीपी एकदम प्रचंड वाढू शकतं, जाणवत तर काही नाही पण डोकं ठणकतं आणि वरच्या अंगाला घाम येतो. तसं झालं की लगेच उठून ताठ बसायचं, आडवं व्हायचं नाही, पाय खाली सोडायचे, पट्टा आणि घट्ट कपडे सैल करायचे, मग नळी आणि पिशवी बघायची, नंतर पोट, जखम, पायाचं नखसुद्धा. काही मिनिटांत उतरलं नाही तर थेट हॉस्पिटल. तुमचं नेहमीचं बीपी कमीच असणार, त्यामुळे मशीनवर १४० दिसलं आणि कुणी म्हणालं की एवढं काही नाही, तर ऐकू नका, तुमच्यासाठी ते जास्त आहे. हे सगळं मराठीत एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा आणि घरच्यांना वाचून दाखवा. आणि आपोआप जातंय म्हणून सोडून देऊ नका, याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

लाल डाग बोटाने दाबल्यावर पांढरा होत नसेल, किंवा त्या जागेवरचा भार काढून अर्ध्या तासाने पण लालच असेल, तर जखमेची सुरुवात झालीय. त्या जागेवर भार नको म्हणजे नको, तो डाग पूर्ण जाईपर्यंत कुशीवर किंवा पालथं झोपायचं. रात्री साधारण दोन-दोन तासांनी कूस बदलायची. खाली टायरची ट्यूब किंवा मधे भोक असलेली गोल उशी घेत असाल तर काढून टाका, कडेने रक्त अडतं आणि जखम मोठी होते. बसलेले असताना दर वीस-पंचवीस मिनिटांनी समोर टेबलावर छाती टेकवून पुढे झुका, दोन मिनिटं तसेच थांबा. हातांवर जोर देऊन अंग उचलून घेणं बरेच जण शिकवतात पण ते काही सेकंदच टिकतं आणि खांदे झिजतात, आणि तुमचे खांदे हेच आता तुमचे पाय आहेत. रोज सकाळी हातातल्या आरशात माकडहाड, बसायची हाडं, टाचा बघायच्या, मोबाईलने फोटो काढला तरी चालेल.

चालता येणार नाही म्हणून व्यायाम बंद, हे मला अजिबात पटलेलं नाही. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर, जमेल तर गाडीत एकट्याने जाणं, हे सगळं व्यायामाने येतं. पाठीमागचे आणि खांद्याच्या मागचे स्नायू मजबूत करायचे, रबरी पट्टा खिडकीच्या गजाला बांधून आपल्याकडे ओढायचा, कोपरं मागे. पायांचे सांधे रोज हळू हलवायचे म्हणजे आखडून बसणं अवघड होणार नाही. जमेल तेव्हा एकदा मुंबईला हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेत जाऊन या, १९५५पासूनची केंद्र सरकारची संस्था आहे, तिथे डॉक्टर, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं करायला शिकवणारे) आणि कॅलिपर, म्हणजे पायाला बाहेरून आधार देणारा सांगाडा, बनवणारे एकाच ठिकाणी भेटतात. घरी परत आल्यावर करायचा कार्यक्रम तिथून लिहून आणा.

प्रश्न : दोन वर्षांची असताना पोलिओ झाला, डावा पाय बारीक राहिला. कॅलिपर लावून तीस वर्षं शाळेत शिकवलं, एस.टी.ने गेले-आले. आता ५९ वर्षांची आहे, निवृत्त. गेल्या दोन-तीन वर्षांत चांगला असलेला उजवा पायही साथ देत नाही, दुपारपर्यंत अगदी गळून जाते. सून म्हणते वजन वाढलंय, रोज दहा हजार पावलं चाला. प्रयत्न केला तर दुसऱ्या दिवशी उठता येत नाही. – निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : बाई, तुमचं पत्र वाचून मला सगळ्यात जास्त वाटलं की हे लवकर छापायला हवं, कारण तुमच्या वयाची अशी किती तरी माणसं महाराष्ट्रात आहेत आणि त्यांना सगळे आळशी म्हणताहेत. याला पोस्ट पोलिओ सिंड्रोम म्हणतात. पोलिओत मज्जारज्जूतल्या काही पेशी मेल्या, ज्या उरल्या त्यांनी नवीन फांद्या काढून बाकीच्या स्नायूंचाही भार उचलला, एका माणसाने पाच घरांचं पाणी भरावं तसं, आणि काही दशकांनी त्या पेशी थकतात. ज्या पायाला पोलिओ झालाच नाही असं वाटत होतं त्यालाही तेव्हा थोडा लागलेला असतो. देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ला सापडला आणि २७ मार्च २०१४ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, त्यामुळे आजच्या तरुण डॉक्टरांनी हे फारसं पाहिलेलंच नसतं. तुम्हीच त्यांना सांगा. आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, शुगर बघून घ्या, थकवा त्यानेही येतो.

दहा हजार पावलं तुम्हाला नकोत. साधा नियम ठेवा, व्यायामाने आलेला थकवा किंवा दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळी शिल्लक असेल तर तो व्यायाम जास्त झाला, निम्मा करा. पाच मिनिटं करून पाच मिनिटं आराम, असं तुकड्या-तुकड्याने. दुपारी आडवं होणं हा उपचाराचा भाग आहे, संकोच करू नका. ओट्यापाशी उंच स्टूल ठेवा, कणीक बसून मळा. जुना लोखंडी कॅलिपर वापरत असाल तर हलका प्लास्टिकचा मिळतो, मापाने करून घ्या. काठी लागली तर घ्या, बाजाराला व्हीलचेअर किंवा तीनचाकी स्कूटर लागली तर ती पण घ्या, उरलेली ताकद नातवंडांसाठी वापरा. थंडीत तो पाय गरम कपड्यात ठेवा. आणि कधी ऑपरेशन करायची वेळ आली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना लहानपणी पोलिओ झाला होता हे आवर्जून सांगा, तुम्हाला भूल जास्त चढू शकते. सूनबाईंना हे उत्तर वाचायला द्या, त्यांनी काळजीनेच सांगितलंय.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा, डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. पायात जोर यावा म्हणून त्याचे आजोबा रोज बैठका काढून घेतात. बरोबर आहे का? – एक बाबा, अमरावती

उत्तर : नाही, बैठका बंद. या आजारात स्नायूचा तंतूच नाजूक असतो, वजन उचलणं, बैठका, जिने उतरणं, उड्या यांनी तो तुटतो आणि परत भरून येत नाही. व्यायामानंतर लघवी कोकसारखी काळपट दिसली तर त्याच दिवशी दवाखाना. त्याला चालतं ते हलकं स्ट्रेचिंग, विशेषतः पोटरीचं, रात्री पायाला स्प्लिंट, आणि जवळपास सोय असेल तर कुणीतरी सोबत राहून पाण्यात खेळणं. दमला की थांबू द्या. स्टेरॉइड सुरू असेल तर ते मनाने एकदम बंद करू नका, आणि हृदयाची तपासणी दरवर्षी. आजोबांना दुखवू नका, त्यांना पोटरीचं स्ट्रेचिंग शिकवा, नातवाबरोबर रोजचा वेळ तसाच राहील.

प्रश्न : मी न्यू जर्सीला, आई नाशिकला, ७२ वर्षांची, पार्किन्सन आहे. दारातून जाताना पाय जमिनीला चिकटतात आणि पडते. व्हिडिओ कॉलवर फिजिओ चालेल का? – एक मुलगा

उत्तर : चालेल, पण पहिली तपासणी घरी येऊनच व्हायला हवी, कारण उंबरठा किती उंच आहे, संडास कसा आहे, रात्री दिवा कुठे आहे हे कॅमेऱ्यात दिसत नाही. नंतर आठवड्यातून एकदा व्हिडिओवर, आणि त्या वेळी आईजवळ कुणीतरी उभं हवं, हे नक्की. व्यायामाची वेळ गोळी लागू पडलेली असताना ठेवा, गोळी उतरलेली असताना नको. दाराच्या आधी जमिनीवर पावलाच्या अंतराने रंगीत टेप चिकटवा, पट्टीवर पाय टाकायचा म्हटलं की पाऊल सुटतं. पाय अडकला की कुणी ओढू नका, थांबायचं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर डोलवायचं, मग मोठं पाऊल. ठेक्याने पण पाऊल सुटतं, त्यांना भजनाची सवय असेल तर टाळाच्या लयीवर चालायला लावा, कुणी टाळ्या वाजवल्या तरी चालतं. वळताना जागच्या जागी नको, मोठा वळसा घेऊन. चालताना हातात चहाचा कप नको आणि गप्पाही नकोत.

प्रश्न : घरी येणारा थेरपिस्ट खरंच शिकलेला आहे हे कसं ओळखायचं? – अनेक वाचक

उत्तर : बीपीटी ही फिजिओची पदवी, त्यापुढे एमपीटी. महाराष्ट्रात व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदेची नोंदणी असते, नंबर विचारा, विचारण्यात अपमान नाही. पहिल्या दिवशी जुने रिपोर्ट न बघता, बीपी न मोजता, चालायला-उठायला न लावता कुणी थेट मशीन काढत असेल तर मला शंका येईल. पंधरा दिवसांनी काय बदललं ते कागदावर दाखवता यायला हवं. आणि महिनाभराचे पैसे आधी भरा म्हणणाऱ्यांना जरा थांबवा.

दुसरी बाजू पण सांगते. घरी येणाऱ्या बऱ्याचशा थेरपिस्ट तरुण मुली असतात, दिवसाला पाच-सहा घरं, उन्हात स्कूटरवर. खोलीत घरातलं कुणीतरी असू द्या, टीव्ही बंद करा, पेशंटचा नाश्ता तासभर आधी होऊ द्या, आणि त्यांनी यायला नको असेल तर आदल्या दिवशी कळवा. त्यांना वजन उचलायचा माणूस समजू नका. पेशंटला उचलून संडासला नेणं हे त्यांचं काम नाही.

प्रश्न : खर्चाला काही मदत मिळते का? – बरेच जण

उत्तर : सगळ्याची सुरुवात दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, यांपासून. बहुतेक सवलतींना ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व लागतं, आणि कायद्यात आता दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात पार्किन्सन आणि मस्क्युलर डिस्ट्रॉफी पण येतात, हे बऱ्याच घरांना माहीतच नसतं. आयकर भरत असाल आणि घरात अवलंबून असलेली दिव्यांग व्यक्ती असेल तर करपात्र उत्पन्नातून ८०डीडी (एटी डीडी) नावाने ओळखली जाणारी ७५ हजारांची वजावट मिळते, ८० टक्के किंवा जास्त असेल तर १ लाख २५ हजारांची, फक्त जुन्या कर-पद्धतीत, तेव्हा पद्धत निवडायच्या आधी सीएशी बोला.

गावाकडच्यांनी ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करणं ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका सगळ्यांना बंधनकारक आहे, आणि त्यातून व्हीलचेअर, कमोडची खुर्ची, घरातला रॅम्प, संडासातले कठडे अशी मदत मागता येते. बऱ्याच ठिकाणी मागणारा कुणी येत नाही म्हणून तो पैसा तसाच पडून राहतो किंवा मार्च आला की घाईघाईत एकसारख्या वस्तू वाटून मोकळे होतात, मग ज्याला कमोडची खुर्ची हवी त्याच्या घरी कुबड्या येतात. म्हणून अर्जात "मदत मिळावी" असं लिहू नका. वस्तूचं नाव, माप आणि फिजिओची किंवा डॉक्टरांची चिठ्ठी जोडा, ग्रामसभेत तोंडी पण मांडा, आणि अर्जाची पोच तारखेच्या शिक्क्यासकट घेऊनच घरी या.